गिरण्या संपाने बुडाल्या नाहीत

मुंबईच्या कापडगिरण्या कशा संपल्या, याचे एक तयार उत्तर महाराष्ट्रात चार दशके चलनात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांनी अडीच लाखांच्या आसपास कामगारांना संपावर नेले. तो मिटवायचा कसा हे त्यांना उमगले नाही. मालक बेजार झाले, गिरण्यांना टाळी लागली आणि गिरणगावातल्या मराठी माणसाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असे हे उत्तर. उद्योगपतींच्या भाषणांत ते इशारा म्हणून येते, वर्तमानपत्रांत संपाची आठवण निघाली की येते, आणि ज्यांच्या घरची चूल त्या संपात विझली त्यांची नातवंडेही ते तोंडपाठ सांगतात. त्याच्या जोडीला दुसरे एक मत असते. श्रमप्रधान उद्योग महागड्या शहरातून बाहेर पडतातच, इंग्लंडमधल्या लँकेशायरचेही तेच झाले, मग परळच्या मोक्याच्या जमिनीवर जुनाट साचे, म्हणजे माग, किती दिवस खडखडत राहणार होते?

ही दोन्ही मते एकाच तोंडून, एकाच दमात ऐकू येतात. पण ती एकमेकांना छेद देतात. गिरण्यांचा अंत काळाच्या ओघात ठरलेलाच असेल, तर संपाने त्या मारल्या असे म्हणता येत नाही. संपाने मारल्या असतील, तर अंत अटळ नव्हता. दोन्ही मतांचा परिणाम मात्र एकच होतो: मालक आणि सरकार यांच्याकडे बोट जात नाही. पहिल्या मतात दोष कामगाराचा, दुसऱ्यात कोणाचाच नाही. गिरण्यांचा इतिहास क्रमाने पाहिला तर यातले एकही मत टिकत नाही.

सुरुवात संपाच्या कितीतरी आधीपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या शतकभरात भायखळ्यापासून दादरपर्यंत, वरळीपासून शिवडीपर्यंत गिरण्यांचे शहर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातल्या एकूण कापडापैकी सुमारे चार पंचमांश कापड गिरण्यांत निघत होते. मग धोरण बदलले. दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५५ मध्ये शिफारस केली की गिरण्यांची मागांची क्षमता आहे तिथेच थांबवावी आणि कापडाची वाढती गरज हातमागाने भागवावी. हेतू रोजगाराचा होता आणि तो प्रामाणिक होता. गिरण्यांवर साचे वाढवायला बंदी आली. त्यांच्या कापडावर उत्पादन शुल्क होते, आणि गरिबांसाठी ठरलेल्या भावाचे ‘नियंत्रित कापड’ काढण्याची सक्तीही पुढे आली. रिकामी झालेली जागा मात्र हातमागाने घेतली नाही. ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत इथल्या यंत्रमागांनी घेतली. लहान उद्योग म्हणून त्यांना शुल्कात सवलत होती आणि कामगार कायद्यांचा जाच नव्हता. संपाची ठिणगी पडण्याआधीच देशातले निम्म्याहून अधिक कापड गिरण्यांच्या बाहेर विणले जाऊ लागले होते. यातला कोणता निर्णय दत्ता सामंतांनी घेतला होता?

साचे वाढवायला बंदी होती, असलेले साचे बदलायला नव्हती. इथे दोष थेट मालकांकडे जातो. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर गिरण्यांनी अमाप नफा कमावला. तो यंत्रांत परत आला नाही. तो रसायनांत, कृत्रिम धाग्यांत, सिमेंटमध्ये, इतर धंद्यांत आणि लाभांशात गेला. स्वयंचलित माग जपान आणि इतर देशांत सर्रास झाले, तेव्हाही मुंबईतल्या बहुसंख्य साच्यांचा धोटा संपला की तो बदलायला माणूसच लागत होता. आधुनिकीकरणासाठी सवलतीच्या कर्जाची योजना १९७६ मध्ये आली. अनेक गिरण्यांची अवस्था तोवर कर्ज पेलण्याच्या पलीकडे गेली होती. आजारी गिरण्या ताब्यात घेण्यासाठी केंद्राला १९६८ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ काढावे लागले, आणि १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या १०३ गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यात मुंबईतल्याही गिरण्या होत्या. संपाने धडधाकट उद्योग आडवा केला असे सांगणाऱ्यांनी या १०३ गिरण्यांचा हिशेब द्यायला हवा. त्या सरकारच्या पदरात पडल्या तेव्हा सामंत इंजिनीअरिंग आणि खाण कामगारांत काम करत होते, गिरणगावात त्यांची संघटनाही नव्हती.

याहून सरळ पुरावा मुंबईबाहेर आहे. संपाने गिरण्या मारल्या असतील, तर जिथे संप झाला नाही तिथल्या गिरण्या जगायला हव्या होत्या. अहमदाबाद पाहावे. तिथली मजूर महाजन ही संघटना गांधीजी आणि अनसूया साराभाई यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये उभी राहिली. लवाद, सामोपचार, मालकाशी कुटुंबासारखे नाते, हा तिचा पाया. मुंबईच्या मालकांना जसा कामगार हवा होता, तसा तो अहमदाबादेत होता. तिथे १९८२ सारखा संप झाला नाही. तरी १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथल्या पन्नासच्या आसपास गिरण्या बंद पडल्या आणि लाखाहून अधिक कामगार रस्त्यावर आले. शहाणपणाने, नमते घेऊन वागलेल्या त्या कामगाराच्या हाती तरी काय उरले? कानपूरच्या एल्गिन आणि म्यूर गिरण्या थंडावल्या. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली आणि तिथल्या कामगारांना थकबाकी मिळायला २०२३ साल उजाडावे लागले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली नागपूरची एम्प्रेस मिल आधी राज्य सरकारकडे गेली, पुढे कायमची बंद झाली, आणि त्या जागेवर आज मॉल आहे. सोलापूरची जुनी गिरणी तर १९६० च्या दशकातच बंद पडली, म्हणजे मुंबईच्या संपाच्या जवळपास दोन दशके आधी. पाच शहरे, पाच वेगळ्या कामगार परंपरा, आणि शेवट एकच. तरीही कारण म्हणून एका शहरातल्या एका संपाकडे बोट दाखवले जाते.

संपावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की तो ताणला गेला. तो ताणला गेला, हे खरे. तो कधी औपचारिकपणे मागेही घेतला गेला नाही. माघारीचा रस्ता नेतृत्वाने ठेवला नव्हता, एवढे कबूल करता येईल. पण संप मिटवण्यासाठी वाटाघाटी लागतात, आणि या संपात त्या कायद्यानेच अडवलेल्या होत्या. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ संघटना असे. त्यासाठी एकूण कामगारांपैकी २५ टक्के सभासद पुरत, बहुमत लागत नसे. मालकाशी बोलण्याचा, करार करण्याचा, न्यायालयात उभे राहण्याचा हक्क त्या एका संघटनेला. मुंबईच्या गिरण्यांत हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगाराने या संघाशिवाय संप केला तर तो बेकायदा ठरे. प्रातिनिधिक संघटना कोणती हे कामगारांच्या गुप्त मतदानाने ठरावे, ही मागणी जुनी होती. ती मान्य झाली नाही.

ज्या जाचातून हा संप उभा राहिला तो किती जुना होता, हे गिरणीच्या दरवाजावर दिसे. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी तिथे बदली कामगारांची रांग लागे. बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा माणूस. त्याच्याकडे कार्ड असे, काम नसे. खात्यात कोण आले नाही याची खबर आत गेली की काही नावे पुकारली जात आणि उरलेले खानावळीकडे परतत. कोणाला घ्यायचे हे बरीच वर्षे जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर होते. असे महिन्यातून काही दिवस आणि वर्षांमागून वर्षे चाले. हाताला कसब असलेले विणकर लग्न होऊन मुले शाळेत जाईपर्यंत बदलीच राहत. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा तंटा पेटला, तेव्हा मागण्यांत पगारवाढीच्या बरोबरीने या बदल्यांना कायम करणे होते आणि १९४६ चा कायदा रद्द करणेही होते. स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला सामंतांकडे गेले. सामंत गिरण्यांत उतरायला सुरुवातीला उत्सुक नव्हते. कामगारांनी त्यांना ओढून आणले. आडमुठ्या पुढाऱ्याने भोळ्या कामगारांना फशी पाडले, या चित्रात हा क्रम बसत नाही. ज्या माणसाने १८ वर्षे बदली म्हणून दारात उभे राहून काढली, तो काय गमावतो आहे हे त्याला कळत नव्हते असे मानायचे का?

त्याच वेळी शेजारी काय चालले होते, तेही त्याला दिसत होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग, औषध आणि रसायन कारखान्यांतले पगार गिरणीच्या पगाराच्या पुढे निघून गेले होते. एकेकाळी गिरणीतली नोकरी म्हणजे गावाकडे मान होता. १९८० पर्यंत एकाच चाळीत राहणारा, त्याच गावचा तरुण वाहनांच्या कारखान्यात जाऊन गिरणीतल्या थोरल्या भावापेक्षा जास्त घरी आणू लागला होता.

मग जानेवारी १९८२ पासून सरकार आणि मालक यांनी काय केले? सामंतांना कायदेशीर मान्यता नाही म्हणून त्यांच्याशी बोलणार नाही, असा पवित्रा घेतला. ज्या संघटनेविरुद्ध अडीच लाख माणसे बाहेर पडली होती, तीच त्यांची प्रतिनिधी असे सांगितले गेले. त्याच महिन्यात अंतुले मुख्यमंत्रिपदावरून गेले, बाबासाहेब भोसले आले, वर्षभराने वसंतदादा पाटील आले. दिल्लीची सामंतांपुढे न झुकण्याची भूमिका तीच राहिली. मालकांना घाई नव्हती. गोदामांत न विकलेला माल पडून होता. पुढे भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेऊन त्यावर गिरणीचा छाप उठू लागला. तोट्यातल्या गिरणीला हजारो कामगारांचा पगार न देता वर्ष काढायला मिळाले. अशा स्थितीत संप कोणी ताणला, हा प्रश्न फक्त कामगारालाच विचारणे हा अन्याय आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तोवर लाखाच्या घरात कामगार कायमचे बाहेर फेकले गेले होते. जे परत गेले त्यांना संपाआधीची सेवा, ज्येष्ठता आणि हक्क यांच्यावर पाणी सोडावे लागले.

मुंबईचा कामगार महाग झाला म्हणून धंदा गेला, हे म्हणणे भिवंडीत जाऊन तपासावे. भिवंडीच्या शेडमध्ये फिरणारा माग पुष्कळदा गिरणीनेच भंगारात काढलेला असे. म्हणजे यंत्र तेच. त्यावर विणलेले कापड त्याच बाजारात जाई. फरक एवढाच की पत्र्याच्या शेडखाली पाळी आठ तासांची नव्हती, बारा तासांची होती. एक विणकर चार ते आठ माग सांभाळे. मजुरी मीटरवर, इचलकरंजीच्या बोलीत सांगायचे तर पिकांवर: एका इंचात किती बाणे बसले त्याच्या हिशेबाने पैसे. माग बंद तर मजुरी बंद, मग बिघाड यंत्राचा असो, सुताचा असो की विजेचा. भविष्यनिर्वाह निधी नाही, विम्याचा दवाखाना नाही, भरपगारी रजा नाही. कारखाना कायदा लागू होऊ नये म्हणून एकाच शेडचे कागदोपत्री तुकडे पाडून ते घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावावर करण्याची रीत सर्वांना माहीत होती. गिरणी ज्या कापडाची किंमत कायद्याने भरत होती, त्याची किंमत भिवंडीत कामगाराच्या झोपेतून आणि फुप्फुसांतून वसूल होत होती. याला कार्यक्षमता म्हणता येत नाही. आठ तासांची पाळी १९८२ ची लाड केलेली मागणी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी १८९० मध्ये मिळवली, तेव्हापासून पिढ्यापिढ्यांनी झगडून ती मिळवलेली होती.

आणि ज्यांच्याकडे संप नव्हता, संघटना नव्हती, कायदे नव्हते, त्या यंत्रमागांचे तरी भले झाले का? मालेगाव आणि इचलकरंजीत गेली कित्येक वर्षे सुताचे भाव, विजेचे दर आणि मंदी यांनी मागवाल्यांचे कंबरडे मोडले आहे. सेठचे सूत घेऊन मजुरीवर विणून देणारा खर्चीवाला दोन्हीकडून भरडला जातो. माग किलोच्या भावाने भंगारात गेले आहेत. तिथे बोट दाखवायला कोणी सामंत नाही, म्हणून त्या ऱ्हासाची चर्चाही होत नाही.

संपानंतरचा तारीखवार घटनाक्रम तर संपाने गिरण्या मारल्या या मताला अजिबात साथ देत नाही. संपाने गिरण्या संपल्या असत्या तर १९८३ मध्ये चिमण्या थंड व्हायला हव्या होत्या. बहुतेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्या. वरळीची सेंच्युरी संपानंतर दोन दशकांहून अधिक काळ चालली. बॉम्बे डाइंगच्या मुंबईतल्या गिरण्या नव्या शतकापर्यंत चालल्या. मग त्यांनी कापड काढणे थांबवले का? नाही. सेंच्युरीचा नवा प्रकल्प गुजरातमध्ये भरूच जिल्ह्यातल्या झगडियाला उभा राहिला, बॉम्बे डाइंगचा पुण्याजवळ रांजणगावला, मोरारजीचा नागपूरजवळ बुटीबोरीला. धंदा कापडाचाच राहिला. सुटली ती मुंबईची जमीन आणि मुंबईचा कामगार.

गिरण्यांच्या अंताचे मूळ या जमिनीत आहे. साठच्या आसपास गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन होती, तीही शहराच्या ऐन मध्यावर. यातली काही जमीन सरकारने आणि पालिकेने उद्योगासाठी म्हणून नाममात्र भाड्याच्या दीर्घ पट्ट्याने दिलेली होती. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी, यंत्रमाग, हातमाग हा भेद सैल केला आणि न चालणारी गिरणी बंद करण्याचा रस्ता मोकळा केला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांची जमीन विकायला परवानगी दिली. अट अशी की एक तृतीयांश जमीन पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. जमीन विकून येणारा पैसा गिरणीच्या पुनरुज्जीवनासाठी आणि कामगारांच्या देण्यांसाठी वापरायचा, असा या परवानगीचा आधार होता. त्या दिवसापासून प्रत्येक मालकासमोर एकच हिशेब उरला: चालती गिरणी वर्षाला जे देते ते, आणि बंद गिरणीची जमीन एकदाच जे देते ते.

शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेला कारखाना सरकारच्या परवानगीविना बंद करता येत नाही, असा कायदा होता. मालक त्यालाच कडक कामगार कायदा म्हणून नावे ठेवत. पण त्याला वळसा घालता येत होता. विजेचे बिल थकवायचे, पुरवठा तुटला की यंत्रे आपोआप थांबतात. कच्चा माल आणायचा नाही. एकेक खाते बंद करून तिथल्या कामगारांना दुसऱ्या खात्यात हजेरीपुरते बसवायचे. आजारी उद्योगांच्या मंडळापुढे अर्ज टाकायचा आणि निर्णयाची वाट पाहत वर्षे घालवायची. पगार दोन-चार महिने थकला की कामगार स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करतो. ती खरेच स्वेच्छा होती का, हे त्या सहीच्या वेळी घरात किती दिवसांचे धान्य होते त्यावरून ठरवावे. दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगारांची संघर्ष समिती उभी केली, ती याच पद्धतीविरुद्ध. आंदोलन संप सुरू होण्यासाठी नव्हते, गिरणी सुरू ठेवण्यासाठी होते. कामगाराला कामच नको होते, हा आरोप करणाऱ्यांनी या एका गोष्टीचे उत्तर द्यावे.

तरीही ५८ क्रमांकाच्या नियमात शहराचा आणि कामगाराचा वाटा होता. तो २००१ मध्ये कापला गेला. दुरुस्ती शब्दांत लहान होती: वाटणी पूर्ण जमिनीची नाही, फक्त रिकाम्या जमिनीची. गिरण्यांच्या आवारात जवळपास सगळीकडे खाती, गोदामे आणि शेड उभ्या होत्या, म्हणून रिकामी जमीन फारशी नव्हती. बांधकाम पाडून नवे बांधायचे झाले तर ती जमीन वाटणीत येत नाही. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. दरम्यान २००५ मध्ये सरकारी महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांचा लिलाव केला: मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, कोहिनूर ४२१ कोटींना, ज्युपिटर २७६ कोटींना. ज्या गिरण्या सरकारने कामगारांचा रोजगार वाचवायला म्हणून ताब्यात घेतल्या होत्या, त्यांची जमीन सरकारनेच बांधकाम व्यावसायिकांना विकली. या रकमा वाचल्यावर १९८२ चा पगारवाढीचा आकडा गिरण्यांना कसा परवडणार होता, हा प्रश्न पुन्हा विचारता येतो का?

आता अटळतेच्या मताबद्दल. लँकेशायरचा धंदा गेला, अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा गेला, हे खरेच आहे. एका भागातून श्रमप्रधान उद्योग सरकतो आणि दुसरीकडे उभा राहतो, हे जगभर झाले. पण तो कोणत्या अटींवर सरकला, कोणाला काय देऊन सरकला, हे प्रत्येक ठिकाणी माणसांनी ठरवले. ब्रिटिश सरकारने १९५९ मध्ये कायदा करून जुने माग मोडीत काढले, तेव्हा मोडीतल्या यंत्रांसाठी भरपाई ठरवली होती. मुंबईत मागांची संख्या गोठवणे, २५ टक्क्यांवर प्रतिनिधित्व देणे, जमीन विकायची परवानगी देणे, वाटणीतून कामगाराचा वाटा कमी करणे, हे प्रत्येक पाऊल सही-शिक्क्यानिशी झाले. त्यामागे ओळखता येणारी माणसे होती. देशात कापडाची गरज या काळात कमी झाली नाही, उत्पादन वाढतच गेले. कमी झाले ते कायद्याच्या संरक्षणाखाली विणले जाणारे कापड. नव्या शतकात गिरण्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आला.

गिरण्यांच्या जागी सेवाक्षेत्र आले आणि मुंबई पुढे गेली, या म्हणण्यातली मुंबई कोणाची? साच्यावर वीस वर्षे काढलेला पन्नाशीचा विणकर मॉलमध्ये विक्रेता झाला नाही. ज्या आवारात तो साचा चालवत होता, त्याच आवाराच्या दारात तो कंत्राटदाराच्या गणवेशात पहारेकरी म्हणून उभा राहिला, बारा तासांच्या पाळीत. त्याच्या मुलांची पिढी, जी शाळेत असताना संप झाला, तिचे शिक्षण सुटले. गिरणी कामगारांना जेवण घालून आपली घरे चालवणाऱ्या खानावळीवाल्या बायकांचे जेवणारे गेले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर इथल्या वाड्यावस्त्यांवर दरमहा येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या, आणि गाळ्यावर, म्हणजे सामायिक खोलीत, राहणारे पुरुष ज्या गावांतून पोट भरायला आले होते, तिथेच रिकाम्या हाताने परतले. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या छतावरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ माणसे मेली. कारखान्याच्या आवारात जेव्हा सुरक्षा नियम होते आणि त्यांवर नजर ठेवणारी संघटना होती, त्या काळाला मागासलेला म्हणायचे आणि याला प्रगती, हे मान्य करता येत नाही.

गिरणगाव स्वर्ग नव्हता. कापसाचे तंतू श्वासातून आत जाऊन फुप्फुसे निकामी होत. विणकर धोट्यातून सूत तोंडाने ओढून काढत, आणि उष्ट्या धोट्याचा विटाळ मानून दलित कामगारांना कित्येक वर्षे विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते; १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. ही व्यवस्था बदलायला हवी होती. ती कामगारांनी, संघटनेने, कायद्याने थोडी थोडी बदलत आणली होती. तिला बदलण्याऐवजी मोडून टाकण्याचा निर्णय कामगाराचा नव्हता.

म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत जून २०१२ मध्ये काढली. घरे ६,९२५ होती. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. त्यानंतर सोडती निघाल्या, पण बहुसंख्य अर्जदारांच्या हाती घर आले नाही, आणि घर मिळायच्या आधी वारलेल्यांच्या जागी वारसांची नावे चढली. इस्वलकरही २०२१ मध्ये गेले. सरकारने पुढे मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली. कामगार आणि त्यांचे वारस ती नाकारून मुंबईतच घर मागतात, आणि त्यावर त्यांना हट्टी म्हटले जाते. ज्या ६०० एकरांचा एक तृतीयांश हिस्सा नियमाने घरांसाठी राखला होता, त्या जमिनीवर शतकभर कापड विणणाऱ्यांचा हा हिशेब आहे. त्यांनी संप केला म्हणून तो रद्द होत नाही. गिरण्या मालकांनी उपाशी ठेवल्या, धोरणाने बांधून ठेवल्या आणि जमिनीच्या भावाने विकल्या. घर द्यायचे ते परळ, लालबाग, वरळी आणि शिवडीतल्या त्याच जमिनीवर दिले पाहिजे.